गोड्या पाण्यातील स्पंजांचे वर्गीकरण : ॲनन्डेल यांच्या ग्रंथाचा चिकित्सक विचार

वसमतसारख्या समुद्रापासून दूरच्या परिसरातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यास स्पंज म्हणताच सागर आठवतो. ते स्वाभाविक आहे, कारण बहुसंख्य जाती सागरीच आहेत. तथापि स्पॉन्जिलिडी हे कुल गोड्या पाण्यात आढळते. मुंबईच्या तळ्यांतील अशा पाच जातींचे वर्णन हेन्री जॉन कार्टर या शल्यवैद्याने १८४९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकीस त्याने लामार्कने योजलेले 'फ्रायाबिलिस' हे नाव दिले. ते चुकीचे ठरले. बोअरबँकने १८६३ मध्ये तीस कार्टरचेच नाव दिले. आज ती 'युनेपियस कार्टेरी' होय.

नेल्सन ॲनन्डेल यांच्या १९११ च्या ग्रंथाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. स्पंजाचा रंग व आकार पाण्यानुसार, प्रकाशानुसार बदलतो. त्यावर विसंबणे धोक्याचे. ॲनन्डेल यांनी सिलिकेच्या कंटिका आणि जेम्यूल यांना प्रमाण मानले. जेम्यूल म्हणजे पाणी आटले तरी टिकून राहणारी, पुन्हा स्पंज निर्माण करणारी कवचबद्ध पेशींची गोळी. तिच्या कवचातील कंटिकांच्या टोकांना चकत्या असल्यास 'एफिडेशिया', नसल्यास 'स्पॉन्जिला', असा प्रजातिभेद सूक्ष्मदर्शकाखाली करता येतो.

परंतु हीच कसोटी ग्रंथाची मर्यादाही ठरते. कार्टेरीच्या जेम्यूलमधील कंटिका गुळगुळीत असून शरीराच्या सांगाड्यातील कंटिकांहून फारशा वेगळ्या नसतात; तेथे कवचातील बहुकोनी वायुकोष्ठांचा जाड थर पाहावा लागतो. शिवाय 'युनेपियस'ला ॲनन्डेल यांनी स्पॉन्जिलाची उपप्रजाती मानले होते. पेनी व रासेक यांनी १९६८ च्या पुनरीक्षणात तिला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला. जुना ग्रंथ जसाच्या तसा उतरवून केलेल्या जातिसूचीत त्यामुळे कालबाह्य नावे शिरतात. हा दोष अर्थात ग्रंथाचा नव्हे, उतरवणाऱ्याचा.

अधिक गंभीर प्रश्न संकलनाच्या ऋतूचा आहे. सिद्धेश्वर जलाशयाच्या काठच्या दगडांवरून अथवा वसमत तालुक्यातील एखाद्या तलावातून भर पावसाळ्यात घेतलेल्या नमुन्यात जेम्यूल नसण्याचा संभव असतो. अशा नमुन्यावर जातीचे नाव लिहिणे म्हणजे कार्टरची चूक, तीही त्याच्या चिकाटीवाचून, पुन्हा करणे होय. पाणी ओसरू लागल्यावर त्याच दगडाकडे परत जावे लागते. तोवर नोंदवहीत 'स्पॉन्जिलिडी, प्रजाती अनिश्चित' एवढेच लिहिणे शास्त्रास धरून आहे.