बोलण्याआधीचं बोलणं

‘आरएफसी ३२६१’ या नावाचा मजकूर कुणी हौसेने वाचायला घेईल असं वाटत नाही. जून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा २६९ पानांचा दस्तऐवज म्हणजे इंटरनेटवरून फोन कसा जोडायचा आणि कसा तोडायचा याचे नियम. ‘सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल’, बोलीभाषेत ‘सिप’. जोनाथन रोझेनबर्ग, हेनिंग शुल्झरिन, मार्क हँडली यांच्यासह आठ जणांची नावं त्यावर आहेत. आज ४जी फोनवरून व्होएलटीई कॉल लावला की पडद्यामागे जे निरोप धावतात ते याच भाषेत. २०१६ साली जिओ बाजारात आली ती जुन्या पद्धतीचं व्हॉइस नेटवर्क न उभारता, फक्त ४जी घेऊन. म्हणजे तिच्या ग्राहकांचं बोलणं पहिल्या दिवसापासून सिपच्याच भरवशावर चाललं आहे. पण मला हा मजकूर आवडतो तो त्याच्या उपयुक्ततेमुळे नव्हे. आपण काय करायचं नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, म्हणून.

१९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने याच कामासाठी ‘एच.३२३’ नावाचं मानक आणलं होतं. ते टेलिफोनवाल्यांच्या परंपरेतलं. त्यातले निरोप बायनरी, यंत्रानेच उलगडावेत असे. सिपच्या कर्त्यांनी मात्र ईमेल आणि वेबचं वळण उचललं. १९९९ च्या पहिल्या आवृत्तीपासून सिपचा निरोप साध्या अक्षरांत असतो. कॉल का लागला नाही हे शोधणारा तंत्रज्ञ तो नुसत्या डोळ्यांनी वाचू शकतो.

चौथं प्रकरण उघडून पाहा. अटलांटाची अ‍ॅलिस बिलॉक्सीच्या बॉबला फोन लावते आहे. तिचा ‘इन्व्हाइट’ नावाचा निरोप जेमतेम दहा ओळींचा: कुणाला, कुणाकडून, कॉलची ओळख काय, उत्तर कुठे पाठवायचं. त्यात निरोपाचा अनुक्रमांक आहे ३१४१५९. शाळेत ‘पाय’ची (π) किंमत पाठ केलेल्या माणसाला इथे हसू येईलच. नियमांच्या रखरखीत पानावर कुणीतरी गुपचूप केलेली ही गंमत. शेवटच्या ओळीत म्हटलं आहे की पुढचा मजकूर १४२ बाइट्सचा आहे. पण तो मजकूर दाखवलेलाच नाही. आवाज कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या स्वरूपात हवा याचा तो तपशील आहे, आणि तो ‘एसडीपी’ या वेगळ्या मानकाचा प्रांत. प्रत्यक्ष आवाज वाहून नेणं हे आणखी तिसऱ्याचं, ‘आरटीपी’चं काम. सिप आवाजाला हातही लावत नाही. दोघांची गाठ घालून देणं एवढंच त्याने आपलं काम मानलं आहे.

ही अलिप्तता पुढेही दिसते. निरोप अटलांटाच्या आणि बिलॉक्सीच्या प्रॉक्सी सर्व्हरमधून जातो. प्रत्येक प्रॉक्सी आपल्या नावाची एक ‘व्हाया’ ओळ वर चढवतो, आणि उत्तर परतताना त्या ओळी एकेक करून उतरतात. बॉबने फोन उचलल्यावर अ‍ॅलिसची पोच, म्हणजे ‘अ‍ॅक’, मात्र प्रॉक्सींना वगळून थेट बॉबकडे जाते. स्थळ सुचवणाऱ्या मध्यस्थाने बैठक जमल्यावर उठून जावं, तसे दोन्ही सर्व्हर बाजूला होतात. ज्याला पुढेही मध्ये राहायचं असेल त्याने तसं आधी नोंदवायचं, अशी सोय आहे. पण मुळातली रीत निघून जाण्याची.

रसिकाने रेंगाळावं ते एकविसाव्या प्रकरणात. नकाराच्या किती परी इथे नोंदल्या आहेत! ४८६ म्हणजे इथे व्यग्र आहे; दुसऱ्या फोनवर सापडू शकेल. ६०० म्हणजे सगळीकडेच व्यग्र. आणखी शोधू नका. ४८० म्हणजे तूर्त उपलब्ध नाही. ६०३ म्हणजे मला बोलायचं नाही. ‘नाही’ एकच, पण पुढे काय करायचं हे प्रत्येकाने वेगळं सांगितलेलं. ४८५ तर खासच: पत्ता संदिग्ध आहे. तुम्ही नुसतं ‘ली’ म्हणालात, आणि त्या संस्थेत तीन ली आहेत. सर्व्हरने तिघांची नावं सुचवावीत का? मजकूर म्हणतो, सुचवता येतील, पण त्यातून कुणाचा खासगीपणा उघडा पडू शकतो. म्हणून यादी झाकण्याची किंवा सरळ ‘सापडत नाही’ म्हणण्याची मुभा असलीच पाहिजे. दाराशी आलेल्या अनोळखी माणसाला घरातल्यांची किती माहिती द्यावी, हा विचार अभियंत्यांनी तांत्रिक नियमात बसवला आहे.

आणि चौदाव्या प्रकरणातली ती टक्कर! कॉल सुरू असताना दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी त्यात बदल सुचवला तर? दोघेही एकमेकांना ४९१ पाठवतात: तुमच्या आधीचं माझंच काम अजून अडलेलं आहे. आता दोघांनी पुन्हा एकदमच प्रयत्न केला तर हा गोंधळ संपायचाच नाही. म्हणून नियम असा: ज्याने मूळ कॉल लावला त्याने २.१ ते ४ सेकंदांमधला कुठलाही वेळ थांबावं. दुसऱ्याने ० ते २ सेकंदांमधला. दोन पट्ट्यांमध्ये सेकंदाच्या दहाव्या भागाची फट. पंच नाही, वाद नाही. सुरुवात ज्याची, त्याने वाट दुसऱ्याला द्यायची. सौजन्य इतक्या नेमक्या आकड्यांत मांडलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

दोष आहेतच. अ‍ॅलिस निरोपात आपला पत्ता लिहिते आणि तो खरा व पोहोचण्याजोगा आहे असं मजकूर धरून चालतो. पण घराघरांतल्या राउटरमागे असलेल्या यंत्राला बाहेर न चालणारा खासगी पत्ता असतो. मग घंटी वाजते, फोन उचललाही जातो, आणि एकाला ऐकू येतं, दुसऱ्याला नाही. यावरचे उपाय ‘स्टन’ आणि ‘आइस’ या वेगळ्या दस्तऐवजांत आले; त्यांतला दुसरा तर २०१० मध्ये मानक झाला. ‘फ्रॉम’च्या ओळीतलं नावही ज्याचं त्याचंच असेल याची खात्री नाही, सहीची सोय आहे, सक्ती नाही. दोन्ही उणिवांचं मूळ एकच: आवाज आपला नाही म्हणून त्याची वाटही आपली नाही, आणि समोरचा सांगतो ते खरं. ज्या अलिप्ततेचं आणि सौजन्याचं मी कौतुक केलं, त्यांचीच ही किंमत.

तरीही माझं मत ठाम आहे: तांत्रिक गद्याचा हा उत्तम नमुना आहे. मराठीत नियमावल्या, करारनामे, शासकीय परिपत्रकं लिहिणाऱ्यांनी तो समोर ठेवावा. सगळा वाचायची गरज नाही. चौथं प्रकरण तर मुद्दाम शिकवण्यासाठीच लिहिलेलं आहे, त्यात एकही बंधनकारक कलम नाही. तेवढं वाचा आणि मग एकविसाव्यातले नकार चाळा. दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात.