बिहजादची बंद कवाडे

इराणी लघुचित्रांविषयी बोलताना आपण बहुधा रंगांपाशी आणि रेषेपाशी थांबतो. चित्रातले लाकूड पार्श्वभूमी म्हणून सोडून देतो. हेरातच्या बिहजादचे ‘युसुफ आणि झुलेखा’ असे पाहिले, तर चित्राचा अर्थच निसटतो.

सुलतान हुसेन बायकरासाठी १४८८ साली तयार झालेल्या सादीच्या ‘बुस्तान’च्या हस्तलिखितात हे चित्र आहे. ते हस्तलिखित आज कैरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. सादीने महालाचे वर्णन केलेले नाही. तो महाल बिहजादने आपला समकालीन कवी जामी याच्या काव्यातून घेतला. झुलेखा युसुफला एकेक दालन ओलांडत आत नेते आणि मागचे दार लावून घेते. अशी सात दालने. चित्रात माणसे दोनच, तीही वरच्या कोपऱ्यात. उरलेले पान जिने, भिंती, सज्जा आणि मिटलेली कवाडे यांनी भरले आहे. प्रसंगातली कोंडी चेहऱ्यांत शोधू नये. ती दारांत आहे.

या कवाडांवरची भौमितिक नक्षी निव्वळ शोभेची समजणे चूक ठरेल. कोरड्या, विषम हवामानात रुंद फळी पिळवटते, तडकते. म्हणून त्या मुलखातले सुतार लहान लहान तुकडे खाचांत बसवून दार जुळवत. लाकूड फुगले-आकसले तरी दार टिके. मोठे लाकूडही तिथे दुर्मीळ. म्हणजे नक्षीचा उगम काही अंशी टंचाईत आहे. आपल्याकडे चांदा-भंडाऱ्याच्या जंगलांत सागवानाचे सरळ सोट मिळत. त्यामुळे विदर्भातला कारागीर अखंड खांब उभा करून त्यावर कोरीव काम करू शकला.

बिहजादची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. या महालात सांधा दिसतो, सुतार दिसत नाही. ती उणीव त्यानेच पुढे भरून काढली. १४९४च्या सुमारास निजामीच्या ‘खमसा’साठी काढलेल्या खवर्नक महालाच्या बांधकामाच्या चित्रात शिडी आहे, बांधलेल्या बल्ल्यांची परांची आहे आणि घाम गाळणारे मजूर आहेत. हे हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पहिल्या चित्रात लाकूड कथा सांगते, दुसऱ्यात श्रम.

या चित्रसृष्टीचा धागा आपल्या वाड्यांपर्यंत येतो, आणि तो भाषेतच सापडतो. महिरप, नक्षी, तक्तपोशी हे शब्द फारसीतून आले. वाड्याच्या निमुळत्या खांबाला ‘सुरूचा खांब’ म्हणतात. हा सुरू म्हणजे फारसी काव्यातला आणि चित्रांतला ‘सर्व’ वृक्ष. (कोकणकिनाऱ्यावर आज ज्याला सुरू म्हणतात, ते झाड निराळे.) तिकडे प्रेयसीच्या बांध्याची उपमा झालेले झाड इकडे माजघराचे छत तोलू लागले.

नागपूरचा भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि लाकडी कोरीव कामाने नटलेला होता. तो १८६४ साली जळाला. मोठा दरवाजा तेवढा उरला. हेरातची खरी कवाडेही काळाने नेली असतील, पण त्यांची घडण कागदावर राहिली. कागद लाकडापेक्षा नाजूक, तरी साक्ष त्याने दिली.

महालातल्या जुन्या वाड्यांचे खांब आता सुटे विकले जातात. आमच्या मनीषनगरात एका नव्या बंगल्याच्या पोर्चमध्ये असे दोन खांब उभे आहेत. त्यांच्यावर छताचा भार नाही. पॉलिश उत्तम आहे. पण कोणत्या वाड्यातले, किती खणी सोप्यातले, मधली महिरप कशी होती, हे त्यांच्याकडे पाहून कळत नाही. खांब वाचला, वाडा हरवला. वाडा उतरवण्याआधी त्याचा एक मापाचा आराखडा आणि सांध्यांची चार रेखाचित्रे काढून ठेवली, तर एवढे तरी उरेल. बिहजादकडून आपण घ्यायचे ते हेच: दाराकडेही माणसाइतकेच नीट पाहणे.