छत्तिसावी खोली कुणी बंद केली?

आपल्या अंकात अमेरिकेच्या रॅपवाल्यांवर लेख कशाला, असं एका मित्रानं विचारलं. आपले शाहीर संपले काय, म्हणाला. त्याला एवढंच सांगितलं, की १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव उचललं ते ऑकलंडच्या काळ्या पोरांकडून. त्यांनी १९६६ ला पक्ष काढला होता. तेव्हा आपण कुणाची परवानगी काढली नव्हती. ज्यांच्याकडून नाव घेतलं त्यांच्या नातवंडांनी पुढं काय गायलं, ते तपासायचा आपला हक्क आहे. खडसावायचासुद्धा.

तर वू-टँग क्लॅन. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सरकारी चाळींशी नाळ असलेली नऊ पोरं. रिझा, जिझा, ओल डर्टी बास्टर्ड, मेथड मॅन, रेक्वॉन, घोस्टफेस किलाह, इन्स्पेक्टा डेक, यू-गॉड, मास्टा किला. आईबापांनी ठेवलेली नावं बाजूला सारून ही नावं घेतली. ह्यातले पहिले तिघं एकमेकांचे भाऊबंद. रिझा आणि जिझा दोघांनी १९९१ ला वेगळ्या नावांनी रेकॉर्डी काढल्या होत्या, त्या आपटल्या. कंपन्यांनी पाठ फिरवली. मग १९९२ च्या अखेरीस ह्यांनी आपल्याच पैशांनी एक गाणं छापलं, 'प्रोटेक्ट या नेक'. आठ जण एकामागोमाग येतात, आपला घास घेतात, बाजूला होतात. धड ध्रुपद नाही. कुणी कुणाच्या पुढं ताट सरकवत नाही, आणि तरी पंगत मोडत नाही. नोव्हेंबर १९९३ ला 'एंटर द वू-टँग (३६ चेंबर्स)' हा आल्बम आला नि सगळीकडं बोंब झाली.

मी तो पहिल्यांदा ऐकला तिसरी पाळी सुटल्यावर. सूतगिरणीत रिंगफ्रेमच्या खात्यात काम असतं तेव्हा माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. घरी आल्यावरही तासभर कान गुणगुणतात. त्या गुणगुणीवर ही गाणी बसली. जुन्या रेकॉर्डींचे तुकडे कापून जोडलेले, मधूनच खरखर, ठोका असा पडतो की कापसाची गाठ जमिनीवर आदळावी. चकचकीतपणा औषधालाही नाही. आपलं इंग्रजी दहावी नापासाचं. शब्द छापलेले मिळाले, ते डिक्शनरी घेऊन लावत बसलो. एकेका कडव्याला दोन दोन रात्री. पण 'क्रीम' नावाचं गाणं लावून झालं तेव्हा डिक्शनरी मिटून ठेवली. पैसा माणसाला कसा हाकतो, पोरवयात तुरुंग कसा वाट्याला येतो, हे त्यात रेक्वॉन आणि डेक सांगतात. रडगाणं नाही, भाषण नाही. आमच्या गल्लीतला एखादा पोरगा पाराच्या कट्ट्यावर बसून सांगेल तसं.

आता त्या छत्तीस खोल्यांचं. हे नाव एका चिनी सिनेमावरून आलं, 'द थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन', १९७८ चा. ही पोरं न्यूयॉर्कच्या स्वस्त थेटरांत असले मारामारीचे सिनेमे बघत वाढली. स्टेटन आयलंडलाच त्यांनी शाओलिन म्हणायला सुरुवात केली. सिनेमात राज्यकर्त्यांच्या जुलमातून जीव घेऊन पळालेला एक पोरगा बौद्ध मठात येतो. मठात पस्तीस खोल्या, एकेका खोलीत एकेक विद्या. तो सगळ्या पार करतो. मग त्याला विचारतात, तू कुठली खोली सांभाळणार? तो म्हणतो, मला छत्तिसावी पाहिजे, आणि ती बाहेरच्या सामान्य माणसाला शिकवण्यासाठी पाहिजे. मठातल्या वडीलधाऱ्यांना ते रुचत नाही.

चवदार तळ्याची गोष्ट ज्यानं लहानपणी ऐकलीय त्याला हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून मी म्हणतो, वू-टँगकडून अपेक्षा कुठली होती हे आधी ठरवा. इंग्रजीतली समीक्षक मंडळी विचारतात, नंतरचा आल्बम पहिल्याइतका चांगला झाला का? हा प्रश्न बाजाराचा आहे. माझा प्रश्न असा, की खोली उघडी राहिली का?

काही वर्षं राहिली. रिझानं बाकीच्यांकडं पाच वर्षं मागून घेतली होती. माझ्यावर सोपवा, तुम्हाला एक नंबरला नेतो, असा त्याचा वायदा. आणि कंपनीशी करार असा केला की टोळी एका कंपनीकडं, पण प्रत्येक गडी स्वतंत्रपणे पाहिजे त्या कंपनीकडं जायला मोकळा. १९९४ ते १९९६ ह्या काळात मेथड मॅन, डर्टी, रेक्वॉन, जिझा, घोस्टफेस ह्यांचे एकेकट्याचे आल्बम आले, निरनिराळ्या कंपन्यांकडून, पण सगळ्यांच्या मागं वाजवणारा हात रिझाचाच. जिझाचा 'लिक्विड स्वोर्ड्स' (१९९५) तर पहिल्या आल्बमच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो. माझ्या मते एका पायरीनं वरच. एवढी काटकसर शब्दांची! आपल्या कवींनी, मीही त्यात आलो, तो ऐकून आपल्या कवितेतल्या निम्म्या ओळी खोडाव्यात.

डर्टीच्या आल्बमच्या कव्हरवर काय आहे ठाऊक आहे? गरिबांना सरकारी मदत मिळते तिचं त्याचं ओळखपत्र. आपल्याकडं एखादा कवी जातीचा दाखला कव्हरवर छापील का? दाखला काढताना कचेरीत आपण कसे खाली मान घालून उभे असतो ते आठवा. त्या गड्यानं तेच कागद साऱ्या जगासमोर टांगलं. त्याच वर्षी मोठ्या गाडीतून टीव्हीवाल्यांना घेऊन मदतीचा चेक वटवायला गेला, तेव्हा लोक भडकले. भडकणारच. पैसे मिळालेला माणूस तो चेक घेतो हे मलाही गिळत नाही. पण कव्हर ते कव्हरच.

त्याच करारात किडही होती. नऊ जणांना नऊ दारं उघडी असली की मधल्या चौकात कोण झाडू मारणार? आपल्याला हे कुणी शिकवायला नको. १९५७ ला स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे गट मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरत नाहीत. त्यातच रिझाच्या तळघरातल्या स्टुडिओत पाणी शिरलं, डेकच्या आल्बमसाठी केलेलं संगीत बुडालं. गडी पहिल्या दर्जाचा, पण त्याचा स्वतंत्र आल्बम यायला १९९९ उजाडलं. ज्याचं नाव मोठं त्याचं आधी, बाकीचे रांगेत.

जून १९९७ ला 'वू-टँग फॉरएव्हर' आला. दोन सीडींचा. पहिल्याच आठवड्यात सहा लाखांवर खपला, एक नंबरला गेला. रिझानं वायदा पाळला. आणि गंमत म्हणजे तिथंच माझी निराशा सुरू होते. 'ट्रायम्फ'मधलं डेकचं पहिलं कडवं ऐकून अंगावर काटा येतो, ते सोडा. बाकी पसारा. उपदेश वाढला, ठोका मवाळ झाला. पहिल्या आल्बममध्ये माणसं बोलत होती, इथं पुष्कळदा पुतळे बोलतात. पुढं २००० चा 'द डब्ल्यू' थोडा सावरला, २००१ चा 'आयर्न फ्लॅग' मला आठवत नाही, म्हणजे ऐकूनसुद्धा आठवत नाही. नोव्हेंबर २००४ ला डर्टी स्टुडिओतच कोसळून मेला, नशेनं. छत्तिसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. २००७ चा आल्बम आला तेव्हा रेक्वॉन आणि घोस्टफेस उघडपणे रिझावर तुटून पडले, हे संगीत आमचं नाही म्हणून.

बायांबद्दल बोललंच पाहिजे, नाहीतर आपल्या बहिणी विचारतील. ह्या गाण्यांतली बाई बहुतेक वेळा माल तरी असते, नाहीतर दगाबाज तरी. ह्या पोरांवर 'फाइव्ह पर्सेंट नेशन' ह्या काळ्यांच्या पंथाचा पगडा आहे. काळा पुरुष हा देव आणि बाई ही पृथ्वी असं तो पंथ शिकवतो. गोऱ्याच्या देवाला लाथ मारून स्वतःच देव व्हायचं, ह्यातली रग मला कळते. पण बाई म्हणजे जमीन, हे आपण मनूकडून ऐकलंय. नको.

आणि आता ती चांदीची पेटी.

सहा वर्षं गुपचूप खपून ह्यांनी एक आल्बम केला, 'वन्स अपॉन अ टाइम इन शाओलिन'. ३१ गाणी. प्रत काढली एक. होय, एकच. पेटीत घालून २०१५ ला लिलावानं विकली, वीस लाख डॉलरांना. घेणारा मार्टिन श्क्रेली, औषधकंपनीचा मालक. त्याच वर्षी ह्यानं एका औषधाची गोळी साडेतेरा डॉलरवरून साडेसातशे डॉलरवर नेली होती. पुढं दुसऱ्याच लबाडीत तुरुंगात गेला, २०१८ ला सरकारनं पेटी जप्त केली, २०२१ ला एका इंटरनेटवरच्या मंडळाला विकली, चाळीस लाखांना. २०२४ ला टास्मानियाच्या एका म्युझियममध्ये थोड्या लोकांना थोडं ऐकवलं. करार म्हणतो, २१०३ पर्यंत हे व्यापारी तत्त्वावर बाजारात आणायचं नाही.

रिझाची बाजू ऐकून घ्या. तो म्हणतो, संगीत फुकट झालं, त्याची किंमत गेली. चित्रकाराचं एक चित्र कोटीला जातं, मग आमचं का नाही? ह्यात तथ्य आहे. आमच्या शाहिरांना रात्रभर गाऊन नारळ आणि शाल मिळते, हे मी बघितलंय. काळ्या माणसाच्या गाण्यावर दुसऱ्यांनी बंगले बांधले, हाही इतिहास आहे. रिझानं भाव मागावा, जरूर मागावा. पण भाव वाढवायचा म्हणून दार बंद करायचं, हा मार्ग कुणाचा? विद्या थोड्यांकडं ठेवली की तिची किंमत वाढते, हे ज्यांना पहिल्यांदा कळलं त्यांनी आपल्या बापजाद्यांच्या कानात शिसं ओतायची भाषा केली. छत्तिसावी खोली मागणाऱ्याच्या नावावर जगलेल्या टोळीनं शाओलिनचंच नाव देऊन पस्तीस खोल्यांना कुलूप लावावं!

म्हणून मी म्हणतो, 'लिक्विड स्वोर्ड्स' आणि पहिला आल्बम ही त्यांची कमाई, ती कुणी काढून घेऊ शकत नाही. पुढचे आल्बम पडले, त्यात गुन्हा नाही, आपलेही पुष्कळ कवी पहिल्या संग्रहानंतर पडले. गुन्हा पेटीचा.

मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले होते. सज्जन माणूस. आपल्या अंकाच्या पहिल्या वर्षाच्या प्रती पाहिजेत म्हणाले, दुर्मिळ झाल्यात, पाहिजे ती किंमत देतो. खोटं कशाला सांगू, त्या महिन्याचं खोलीभाडं थकलं होतं. कपाटात बघितलं तर तिसऱ्या अंकाची एकच प्रत उरलेली. ती दिली नाही. जुनं स्टेन्सिल कागदात गुंडाळून ठेवलेलं सापडलं, कडेला फाटलंय, पण मशीनवाला म्हणतो पन्नासेक प्रती अजून निघतील. पुढच्या शनिवारी निघाल्या की त्या गृहस्थांना एक पाठवू, दहा रुपयांत. आणि रविवारी सकाळी विहाराच्या मागच्या खोलीत 'लिक्विड स्वोर्ड्स' लावणार आहे. स्पीकर कुणाकडं असेल तर घेऊन या, माझा एका बाजूनं बंद पडलाय.