स्वमग्न कोण?

माझ्या आतेभावाच्या कागदावर डॉक्टरांनी ‘ऑटिझम’ लिहिलं आणि शेजारी मराठीत ‘स्वमग्नता’. आत्याने मराठी शब्द उचलला, कारण तो तिला कळला. अंबड तालुक्यातल्या आमच्या घरी परतल्यावर तिने सगळ्यांना सांगितलं, “तो स्वतःतच असतो म्हणे.” तेव्हा तो सहा वर्षांचा होता, आता सतरा. या अकरा वर्षांत त्या शब्दाने घरात जे केलं ते पाहता, मला शब्दाचीच समीक्षा करावीशी वाटते.

‘ऑटोस’ म्हणजे ग्रीकमध्ये ‘स्वतः’. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलरने 1911च्या ग्रंथात हा शब्द स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण सांगताना वापरला. 1943 साली लिओ कॅनरने तो अकरा मुलांच्या वर्णनासाठी घेतला. म्हणजे शब्द आला दुसऱ्याच आजारातून, आणि तोही बाहेरून बघणाऱ्याचा. मराठीने त्याचं इमानदारीने भाषांतर केलं; चूकही सोबत आली. ‘मग्न’ म्हटलं की त्यात सुख येतं, थोडा स्वार्थही येतो. आमच्याकडे पाहुणे आले की तो कानांवर हात ठेवून कोपऱ्यात जायचा. पाहुणे म्हणायचे, “याला कुणाचं काही पडलेलं नाही.” आवाज, उजेड, स्पर्श यांचा अतिरेकी त्रास हा ऑटिझमच्या अधिकृत निकषांत 2013 साली आला. ज्याच्यावर जग इतकं आदळतं, त्याला आपण स्वतःत बुडालेला म्हणतो.

आपले सिनेमे या बाबतीत कुठवर पोचले? ‘माय नेम इज खान’ (2010) मध्ये एक मोठी गोष्ट आहे: रिझवान आपली कथा स्वतः सांगतो. नव्या शहराच्या गोंगाटात तो व्हिडिओ कॅमेऱ्यातून बघत चालतो, तेव्हा प्रेक्षकही क्षणभर त्याच्या बाजूला जातो. पण पुढे दिग्दर्शकाचा धीर सुटतो. रिझवानला राष्ट्राध्यक्षांपर्यंत जावं लागतं, पुरात गावाला मदत करावी लागते. माणूस म्हणून मान मिळवायला त्याला आधी महान व्हावं लागतं. ‘सितारे जमीन पर’ (2025) मध्ये दहा न्यूरोडायव्हर्जंट कलाकार स्वतः पडद्यावर आले. हे पाऊल मोठंच आहे, आणि त्यांचं विनोदाचं टायमिंग अस्सल आहे. तरी कथा कोचची राहते. सुधारतो तो, आणि खेळाडू त्याच्या सुधारण्याचं निमित्त होतात.

डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने 2012 साली मांडलं की न समजण्याची अडचण दुहेरी असते. माझ्या कामात दोन सिस्टिम्स एकमेकींशी बोलेनात, तर आम्ही दोन्हीकडचे लॉग उघडतो. घरात आम्ही अकरा वर्षं एकाच बाजूचे तपासले.

आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात, जांब समर्थ आहे. समर्थ रामदासांचं जन्मगाव. लहानगा नारायण घरातल्या अंधाऱ्या अडगळीत एकटाच बसलेला आईला सापडतो, ही आख्यायिका इथे प्रत्येकाला माहीत असते. समर्थांना आजचं लेबल लावण्याचा मूर्खपणा मला करायचा नाही. मला त्या गोष्टीतली आई महत्त्वाची वाटते. राणूबाईंनी विचारलं, काय करतोस? आणि उत्तर आलं की विश्वाची काळजी करतोय. कोपऱ्यातलं मूल जगाकडेच तोंड करून बसलेलं असू शकतं, हे तिला कळलं ते विचारल्यामुळे.

मी हा प्रश्न गेल्या पावसाळ्यात पहिल्यांदा विचारला. रात्री ओसरीवर बसलो होतो. त्याने एकदम कान झाकले. मी म्हटलं, “काय झालं रे?” नेहमीसारखा उठून गेलो नाही, थांबलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “मोटर आली.”

लाईट आली की विहिरीवरची मोटर ऑटोवर सुरू होते. विहीर दोन शेतं पलीकडे आहे. मला काहीच ऐकू येत नव्हतं. टॉर्च घेऊन बघायला गेलो, तर पाणी चालू होतं.