फुंकणाऱ्याचे गाल, फिरवणाऱ्याचे हात

रात्री फोनवर अंगठा सरकवताना काच फुंकणाऱ्या माणसाचं रील तुमच्याही समोर कधीतरी आलं असेल. नळीच्या टोकाला मधासारखा लोंबणारा केशरी गोळा. एक फुंकर, गोळ्याचा फुगा, फुग्याची फुलदाणी. खाली कुणीतरी लिहितं, 'बघूनच किती शांत वाटतं.' मलाही वाटतं. पण त्या माणसापासून हातभर अंतरावर भट्टीचं तोंड असतं आणि आत अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असतं. मग ही शांतता नक्की कुणाची? हा प्रश्न मला एका जुन्या, फार सुंदर फिल्ममुळे पडला.

बर्ट हान्स्ट्रा या डच दिग्दर्शकाचा 'ग्लास' हा १९५८ सालचा माहितीपट जेमतेम अकरा मिनिटांचा आहे. नेदरलँड्समधल्या लेर्डामच्या काच कारखान्याने त्याला स्वतःवर फिल्म करायला बोलावलं होतं. त्या कामातूनच ही छोटी, निवेदन नसलेली फिल्म निघाली आणि तिला ऑस्कर मिळालं. एका बाजूला तोंडाने काच फुंकणारे कारागीर, मागे जॅझ. दुसऱ्या बाजूला बाटल्या ओकणारं यंत्र. फुगलेले गाल आणि सॅक्सोफोनचा सूर हान्स्ट्रा असे जुळवतो, की ही माणसं कामगार न वाटता वादक वाटायला लागतात.

मग ते प्रसिद्ध दृश्य येतं. यंत्रावर एका बाटलीची मान तुटते. बाटल्या उचलणाऱ्या चिमट्याला ते कळतच नाही. तो आपला ठरल्या वेळी येतो, रिकाम्या जागेला धरतो. मागून येणाऱ्या बाटल्या अडतात, पडतात, फुटत राहतात. शेवटी एक माणूस येऊन अडथळा दूर करतो आणि गाडी रुळावर येते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खदखदून हसलो. यंत्र मठ्ठ, माणूस हुशार. संपलं.

दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा दोन गोष्टी खटकल्या.

पहिली म्हणजे गाल. काच फुंकण्यात फुंकरीचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. सुरुवातीला नळीत हलकी हवा सोडून तोंड अंगठ्याने बंद केलं, तरी आत अडकलेली हवा तापून फुगते आणि गोळ्यात पोकळी धरते. खरं काम असतं फिरवण्याचं. वितळलेली काच सतत खाली ओघळत असते. नळी फिरवणं क्षणभर थांबलं की गोळा एका अंगाला झुकतो आणि भांडं वाकडं होतं. पाण्यात भिजवलेल्या लाकडी साच्यात किंवा ओल्या वर्तमानपत्राच्या जाड घडीवर गोळा घोळवताना, चिमट्याने मान आवळताना, पुन्हा भट्टीत धरताना डावा हात नळी फिरवतच असतो. एवढं करून भांडं लगेच थंड केलं तर आतल्या ताणाने तडकतं. म्हणून ते वेगळ्या भट्टीत हळूहळू निववावं लागतं.

हान्स्ट्राच्या फिल्ममध्ये हात दिसतात, आणि सुरेख दिसतात. पण त्याने तुकडे तालावर जोडलेत. त्यामुळे एका भांड्याला किती वेळ लागला, ते कुणाच्या हातून कुणाकडे गेलं, कुणी नुसता गोळा काढला आणि कुणी आकार दिला, हे कळत नाही. संगीताने कामाला वेग दिला, पण कामाचा वेळ खाल्ला. रील हेच करतं, फक्त आणखी कमी सेकंदांत.

दुसरी खटकलेली गोष्ट यंत्राची. यंत्राची फजिती बघून हसताना आपण गृहीत धरतो, की त्याच्याआधीचं जग त्या जॅझसारखं असेल. अमेरिकेत मायकेल ओवेन्सने बाटल्या बनवणारं स्वयंचलित यंत्र १९०३ मध्ये तयार केलं. त्यानंतरही कारखान्यांत हाताने काम चालू होतं, तेव्हा १९०८ साली लुईस हाइन या छायाचित्रकाराने इंडियाना राज्यातल्या एका काच कारखान्यात मध्यरात्री फोटो काढले. त्यात कॅमेऱ्याकडे बघणारी मुलं आहेत. कारागिराच्या पायाशी बसून साचा उघडायचा-मिटायचा, तयार बाटल्या पळत जाऊन पोचवायच्या, ही असली कामं मुलांची. ओवेन्सच्या यंत्राने अनेक फुंकणाऱ्यांची रोजी घालवली, पण या मुलांची रात्रपाळीही घालवली. 'ग्लास'मधल्या विनोदात या दोन्हींपैकी काहीच मावत नाही. माणसाच्या बाजूने उभी असलेली ही फिल्म माणसाला एक वाक्यही बोलू देत नाही.

बोलू देणारा कार्यक्रम साठ वर्षांनी आला. नेटफ्लिक्सवरचा 'ब्लोन अवे' (२०१९) ही कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात चित्रित झालेली काचकलेची स्पर्धा आहे. पहिल्या पर्वात दहा कलाकार. इथे गालांपेक्षा घाम जास्त दिसतो. तासन्‌तास केलेलं काम शेवटच्या मिनिटाला नळीवरून निसटून फरशीवर फुटतं आणि आपला श्वास अडकतो. काच एकट्याने होत नाही, मदतनीस लागतातच, हेही इथे उघड दिसतं. पण एपिसोड संपल्यावर त्या मदतनिसांची नावं आठवून बघा. मला एकही आठवलं नाही. शिवाय इथे प्रत्येक वस्तू एकमेव असावी लागते. स्पर्धा वेगळं काय सुचलं याची असते.

कारखान्यातल्या कारागिराचं कौशल्य नेमकं उलटं. त्याचा शंभरावा पेला पहिल्यासारखाच यायला हवा. १९०८ सालीच आपल्याकडे तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला, लोकांकडून एकेक पैसा गोळा करणाऱ्या पैसा फंडातून. तिथे शिकलेली माणसं पुढे देशभरच्या कारखान्यांत गेली. नंतर कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला. माझ्या आजोळी माळ्यावर तो अजून आहे. त्याची काच फुटली की बाजारातून दुसरी आणायची आणि ती बसायलाच हवी. तोंडाने फुंकलेली काच अशी बसायची तर गोळा साच्यात उतरवून प्रत्येक वेळी तेवढाच फुगवावा लागतो. काच बसली की बनवणाऱ्याची आठवण कुणालाच होत नाही. आठवण होते ती काच बसली नाही तर.

हे कौशल्य दाखवायला अवघड आहे, हे मान्य. त्यात फजिती नाही, फायनल नाही, पुनरावृत्ती आहे. 'ग्लास' मोठी फिल्म आहे याबद्दल मला आजही शंका नाही. काच एवढी जिवंत पडद्यावर क्वचितच दिसली असेल. तक्रार एवढीच, की तिने कामाला संगीत करून टाकलं आणि आपण, तिचे प्रेक्षक, त्या संगीतालाच काम समजून बसलो.

अकरा मिनिटं असतील तर ती जरूर बघा. मग आवाज बंद करून पुन्हा बघा. गाल सोडा, डाव्या हातांवर नजर ठेवा. जॅझ गेल्यावरही ते हात नळी फिरवताना दिसतील.