‘उद्या आठ वाजता’ म्हणजे नेमके केव्हा?

‘उद्या आठ वाजता आठवण कर’ असे संगणकाला सांगणे आता नवलाचे राहिलेले नाही. बैठक ठरवणे, तिकीट काढणे अशी कामे यंत्रबुद्धीच्या मदतनिसांवर सोपवली जाऊ लागली आहेत. भाषेत वाकबगार असलेल्या या मदतनिसाला आज तारीख कोणती, हे मात्र आपणहून ठाऊक नसते. ते बाहेरून पुरवावे लागते. दिवसांची बेरीज-वजाबाकी करतानाही तो चुकू शकतो. म्हणून बोलण्यातील कालवाचक शब्दांचे तारीख-वेळेत रूपांतर करणारी वेगळी आज्ञावली त्याच्या हाताशी देता येते. ‘डकलिंग’ ही अशीच एक प्रसिद्ध आज्ञावली. तिची पहिली आवृत्ती विट.एआय या कंपनीची. ही कंपनी फेसबुकने २०१५ साली घेतली आणि २०१७ मध्ये हॅस्केल या संगणकभाषेत नव्याने लिहिलेली आवृत्ती सर्वांना खुली केली. नियम उघड असल्याने ते कोणालाही तपासता येतात.

तिचे काम दोन टप्प्यांत चालते. ‘उद्या’, ‘आठ वाजता’ अशा प्रत्येक तुकड्यासाठी एक नियम असतो आणि तुकडे जोडण्याचेही नियम असतात. एकाच वाक्याचे अनेक अर्थ निघाले, तर आधी दिलेल्या उदाहरणांवरून कोणता अर्थ अधिक संभवनीय हे संभाव्यतेच्या गणिताने ठरते. या साऱ्याला एक आरंभबिंदू लागतो. आलेखात आरंभबिंदू नसेल तर अक्षांवरील अंकांना अर्थ नाही. तसेच ‘आत्ता’ ठरल्याशिवाय ‘उद्या’ला अर्थ नाही. डकलिंगच्या चाचणी-उदाहरणांत हा ‘आत्ता’ १२ फेब्रुवारी २०१३, पहाटे साडेचार असा धरला आहे. प्रत्यक्ष वापरात तो क्षण आणि ठिकाणाची प्रमाणवेळ आपण कळवायची असते.

या रचनेतील एक गुण विज्ञानशिक्षकांना विशेष आवडावा. उत्तराबरोबर आज्ञावली त्याची सूक्ष्मताही सांगते. ‘उद्या’ या उत्तराची सूक्ष्मता दिवसाची, ‘उद्या आठ वाजता’ची तासाची. मोजपट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असतील तर त्याहून बारीक अंक लिहू नयेत, हे आपण प्रयोगशाळेत शिकवतो. तीच शिस्त येथे आहे. शिवाय आठ सकाळचे की रात्रीचे हे कळत नसेल, तर दोन्ही पर्याय उत्तरात येतात.

पण हाच प्रामाणिकपणा सर्वत्र टिकत नाही. ‘वीकएंड’ म्हणजे शुक्रवारी सायंकाळी सहापासून रविवारच्या मध्यरात्रीपर्यंत, असा तिचा इंग्रजीतील नियम आहे. शनिवारी सकाळची शाळा भरवणाऱ्या शिक्षकाचा आठवडा शुक्रवारी संपत नाही. ‘आफ्टरनून’ बारा ते सात आणि ‘ईव्हनिंग’ सहा ते बारा, असेही नियम आहेत. म्हणजे सहा ते सात हा तास दोन्हींत मोडतो. बोलण्यात असे होतेच, त्यामुळे तो दोष नव्हे. दोष असा की या सीमा कोणीतरी ठरवल्या आहेत, याची खूण उत्तरात राहत नाही. शंका घड्याळाची असेल तर आज्ञावली ती मान्य करते. माणसांच्या रिवाजाची असेल तर गप्प राहून आकडे पुढे करते. अनेक पर्याय दिले तरी पहिला मुख्य म्हणून पुढे येतो, आणि घाईतला मदतनीस तोच उचलू शकतो.

हीच पद्धत मराठीला लावली तर अडचण किती खोल आहे ते दिसते. ‘परवा’ हा शब्द दोन्ही दिशांना चालतो. ‘परवा गेलो’ आणि ‘परवा जाईन’ यांतील फरक क्रियापद सांगते. केवळ कालवाचक तुकडा पाहणाऱ्या नियमाला तो कळणार नाही. सोमवारी कोणी ‘आठ दिवसांनी ये’ म्हणाले, तर आपण बहुधा पुढच्या सोमवारी जातो. येथे दोन्ही टोकांचे दिवस मोजले जातात. सरळ आठ मिळवणारे यंत्र मंगळवारी पोहोचेल. फ्रेंचांचे ‘आठ दिवस’ही असेच आठवड्याचे असतात, तेव्हा ही केवळ आपली लकब नव्हे.

अर्ज भरण्याची शेवटची तारीख किंवा डॉक्टरांची वेळ अशा उत्तरावर अवलंबून असेल, तर एका दिवसाची चूक लहान नसते. डकलिंगचे गणित भरवशाचे आहे. तिची गृहीते तितकी नाहीत. म्हणून ती वापरणाऱ्या मदतनिसाने कृतीपूर्वी ‘म्हणजे सोमवार, अमुक तारीख ना?’ असे विचारलेच पाहिजे. चांगला कारकून हेच करतो.

वर्गात एक तास यासाठी द्यावा. ‘दिवेलागणीला’, ‘मधल्या सुट्टीत’, ‘पंधरा दिवसांनी’, ‘महिनाअखेरीस’ या शब्दांसाठी मुलांनी नियम लिहावेत, मग ते घरातल्या आजी-आजोबांकडून तपासून घ्यावेत. नियम कुठे मोडतो हे पाहताना भाषा आणि मोजमाप यांतले अंतर मुलांच्या ध्यानात येईल.