६० सेकंदांत किती प्राणी?
शाब्दिक ओघाची चाचणी दिसायला एकदम सोपी. एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांग, मग 'क'पासूनचे शब्द सांग. शब्द मोजले, गुण लिहिले, झालं! माझा आक्षेप या 'झालं'वरच आहे.

पनवेलच्या खाडीकाठचं आगरी मूल वाघ, सिंह म्हणून थांबेल आणि मग जिताडा, निवटी, चिंबोरी, बोंबील असं सुटेल. परीक्षकाला निवटी माहीतच नसेल तर? ट्रॉयर, मॉस्कोविच आणि विनोकर यांनी १९९७ मध्ये शब्दांचे गट केवढे आणि गट किती वेळा बदलला, हेही मोजलं. ते काम प्रौढांवरचं, पण मुलांसाठी ते जास्तच गरजेचं आहे.

अक्षराची गंमत आणखी. इंग्रजी एफ-ए-एस मराठीत आणताना 'क' घेतला, तर 'काका', 'कुत्रा' धरायचे का? बाराखडी घोकलेलं मूल 'का' वेगळा मानू शकतं. अक्षरावरची कामगिरी तशीही प्राण्यांपेक्षा उशिरा, किशोरवयापर्यंत वाढत राहते. मग तिसरी आणि सातवीतला फरक वाढीचा की बाराखडीचा, कसं ठरवणार? पेपर वाचताना आधी मुलांना दिलेली सूचना शोधा, मराठीतली, शब्दशः. बऱ्याचदा ती छापलेलीच नसते.